घरबसल्या प्लॅटिनम!

विमानात पाऊलही न ठेवता ‘फ्रीक्वेण्ट फ्लायर’ होता येतं? डॅलसमधल्या माझ्या मावसभावाने ते करून दाखवलं. त्याच्यासोबत एक वीकएण्ड फिरताना कळलेला हा सॉलिड फंडा... आणि त्याची दुसरी बाजू.

डॅलसला पोचल्यावर मी सगळ्यात आधी काय बघितलं असेल? काउबॉय? ते अवाढव्य हायवे? छे! मी बघितली माझ्या मावसभावाच्या गराजमध्ये नीट रचून ठेवलेली कुत्र्याच्या बिस्किटांची चौदा पाकिटं. आता दादाकडे कुत्रा असता तर ठीक होतं. पण दादाकडे कुत्रा नाही. मांजरही नाही. एक फिश टँक होता, तोही वहिनीने मागच्याच वर्षी शेजाऱ्यांना देऊन टाकला.

‘अगं, ऑफर होती,’ दादा म्हणाला. ‘एका डॉलरला बारा पॉइंट!’

ही नोव्हेंबर २०२३ ची गोष्ट. ऑफिसने मला दोन आठवड्यांसाठी डॅलसजवळच्या अर्विंगला पाठवलं होतं. राहायला हॉटेल होतं, पण ऐन दिवाळीत हॉटेलमध्ये कोण राहणार? रविवारी, १२ तारखेला लक्ष्मीपूजन. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद केला आणि थेट प्लेनोला, दादाकडे. सोबत डोंबिवलीहून मावशीने दिलेला फराळाचा डबा. चकल्या मोडू नयेत म्हणून तिने तो दोन टॉवेलांत गुंडाळला होता. ‘टॉवेल परत आण हं,’ हेही बजावून सांगितलं होतं.

चकल्या शाबूत पोचल्या. दादाने पहिली चकली तोंडात टाकली, डोळे मिटले आणि दुसऱ्या हाताने मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर अमेरिकन एअरलाइन्सचं ॲप. त्याच्या नावाखाली लिहिलेलं होतं, प्लॅटिनम.

‘एवढा फिरतोस तू?’ मी विचारलं.

‘गेल्या वर्षी एकदाही विमानात बसलो नाही,’ दादा हसला. ‘एकदाही!’

कुत्रा नाही, पण प्लॅटिनम आहे

आपला समज काय असतो? जो सारखा उडतो त्याला एअरलाइन मान देते. रांगेत पुढे घेते, लाउंजमध्ये बसवते, जादा बॅग नेऊ देते. तो समज चुकीचा नव्हता, फक्त आता जुना झालाय. अमेरिकन एअरलाइन्सने २०२२ पासून सगळा हिशेबच बदलला. किती मैल उडालात, किती फेऱ्या केल्यात हे मोजणं बंद. त्याऐवजी आले ‘लॉयल्टी पॉइंट’. १ मार्च ते फेब्रुवारीअखेर असं त्यांचं वर्ष. या वर्षात ४०,००० पॉइंट झाले की गोल्ड, ७५,००० ला प्लॅटिनम, १,२५,००० ला प्लॅटिनम प्रो आणि २,००,००० ला एक्झिक्युटिव्ह प्लॅटिनम. (पहिल्या वर्षी गोल्ड ३०,००० लाच मिळत होतं.)

गंमत इथून पुढे आहे. हे पॉइंट विमानाच्या तिकिटावर मिळतात, तसेच एअरलाइनच्या क्रेडिट कार्डावर एका डॉलरला एक या दराने मिळतात. एअरलाइनच्या शॉपिंग पोर्टलवरून बूट घेतले तरी मिळतात. त्यांच्या यादीतल्या रेस्तराँमध्ये जेवलं, त्यांच्या साइटवरून हॉटेल बुक केलं, तरी मिळतात. आणि पोर्टलवर काही दुकानांचे दर असे चढतात की विचारू नका. फुलं पाठवणाऱ्या कंपन्या तर सणासुदीला एका डॉलरवर दोन आकडी पॉइंट देतात!

दादा सॉफ्टवेअरवाला. त्याने अर्थातच एक्सेल शीट केली होती. मार्च २०२२ ते फेब्रुवारी २०२३ चा त्याचा हिशेब असा: कार्डावरचा खर्च ३८,४०० (किराणा, पेट्रोल, गाडीचा इन्शुरन्स, मुलीच्या डे-केअरची फी, सगळं त्याच एका कार्डावर), शॉपिंग पोर्टल २३,१००, जेवणखाण २,६००, हॉटेल ११,२००. एकूण ७५,३००. बॉस, झालं प्लॅटिनम!

‘आणि हॉटेलात कधी राहिलास?’

‘सॅन अँटोनियोला. ऑस्टिनला. गाडी चालवत गेलो!’

मग त्याने मला उलटा हिशेब दाखवला. समजा साधा मेंबर आहे आणि तिकिटाचं मूळ भाडं ३०० डॉलर. डॉलरला पाच पॉइंट, म्हणजे एका तिकिटावर १,५००. या दराने ७५,००० गाठायला अशी ५० तिकिटं काढावी लागतील. जवळजवळ दर आठवड्याला एअरपोर्ट, सिक्युरिटीत बूट काढा, बूट घाला. त्यापेक्षा कुत्र्याची बिस्किटं परवडली.

‘ती बिस्किटं मी शेल्टरला देऊन येणार आहे,’ वहिनी आतून ओरडली. ‘मागच्या वेळची पण मीच दिली होती!’

आधी ओळख, मग उड्डाण, आता खरेदी

शनिवारी दादा मला फोर्टवर्थला घेऊन गेला. अमेरिकन एअरलाइन्सचं मुख्यालय तिथेच, एअरपोर्टच्या शेजारी, आणि त्यांचं एक म्युझियमही आहे, सी. आर. स्मिथ म्युझियम. स्मिथसाहेब १९३४ पासून कंपनीचे प्रमुख होते. म्युझियममध्ये शिरताच डोळे दिपवणारं चकचकीत चंदेरी विमान उभं आहे, डीसी-३, नाव ‘फ्लॅगशिप नॉक्सविल’. याच जातीच्या विमानांनी १९३६ मध्ये न्यूयॉर्क-शिकागो सेवा सुरू झाली. २१ सीटचं विमान. आपल्या एसटीच्या निम्मं!

त्या विमानाच्या पंखाखाली उभं राहून दादाने मला स्टेटसचा इतिहास सांगितला. ऐकण्यासारखा आहे.

पहिला अंक. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया एअरपोर्टवर ‘ॲडमिरल्स क्लब’ उघडला. जगातला पहिला एअरलाइन लाउंज. आत शिरायला ना पैसे चालत, ना मैल. कंपनीचं आमंत्रण लागायचं. म्हणजे नेते, बडी मंडळी, साहेबांच्या ओळखीचे लोक. आपल्याकडे लग्नात पहिल्या रांगेतले सोफे असतात ना, डिट्टो तसंच.

दुसरा अंक. १ मे १९८१ ला याच कंपनीने ‘एॲडव्हाण्टेज’ ही मैल मोजणारी योजना आणली. आता ओळख नको, फक्त उडत राहा. सेल्समनची चंगळ झाली. पण मैल जमवायला उडायलाच हवं, ही अट लोकांनी लवकरच मोडून काढली. सगळ्यात भारी किस्सा १९९९ चा. कॅलिफोर्नियातला डेव्हिड फिलिप्स नावाचा इंजिनीअर. एका फूड कंपनीची ऑफर आली, दहा बारकोड पाठवा, ५०० मैल मिळवा. लवकर पाठवलेत तर दुप्पट. या पठ्ठ्याने दुकानं पालथी घातली आणि त्याला सापडला २५ सेंटचा पुडिंगचा कप. त्याने १२,१५० कप उचलले! खर्च साधारण ३,१४० डॉलर. एवढे बारकोड सोलणार कोण? त्याने साल्व्हेशन आर्मीला गाठलं. तुम्ही बारकोड काढून द्या, पुडिंग तुमचं. हाती आले बारा लाखांहून जास्त मैल. आणि अमेरिकनच्या खात्यात दहा लाख मैल ओलांडल्याबद्दल आयुष्यभराचं गोल्ड स्टेटस. पुडिंग खाऊन... नव्हे, न खाता! २००२ च्या ‘पंच-ड्रंक लव्ह’ सिनेमात ॲडम सँडलर पुडिंग गोळा करतो ना, ती कल्पना इथूनच आली.

ही पळवाट पुढे बंद झाली. डिसेंबर २०११ पासून दहा लाखांच्या त्या हिशेबात फक्त प्रत्यक्ष उडालेले मैल धरायचं ठरलं. आणि मग २०२२ मध्ये तिसरा अंक. जी खिडकी बंद केली होती तिच्या जागी कंपनीने स्वतःच मोठा दरवाजा बसवला. वार्षिक स्टेटससाठी खरेदी चालेल, या!

का बरं? उत्तर साधं आहे, पैसा. बँका एअरलाइनकडून मैल विकत घेतात आणि कार्डधारकांना वाटतात. २०२३ मध्ये कार्ड आणि इतर पार्टनरांकडून अमेरिकनला ५ अब्ज डॉलरहून जास्त रोकड मिळाली. मार्च २०२१ मध्ये, कोविडने विमानं जमिनीवर आणलेली असताना, कंपनीने याच मैलांच्या योजनेच्या तारणावर १० अब्ज डॉलरचं कर्ज उभं केलं. विमानं गहाण ठेवतात हे ऐकलं होतं. इथे पॉइंट गहाण ठेवले गेले आणि कर्जही मिळालं. मग एअरलाइनला आवडता गिऱ्हाईक कोण वाटेल? सीट ३१-बी मध्ये पाय आखडून बसणारा, की घरबसल्या रोज कार्ड स्वाइप करणारा?

करून बघायचंय? मग हे वाचा!

* लॉयल्टी पॉइंट आणि माइल्स वेगळे. कार्ड घेताना मिळणारा वेलकम बोनस फुकटच्या तिकिटाला चालतो, स्टेटसला धरत नाहीत.

* कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरत नसाल तर नादच सोडा. आपल्याकडे कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात जातं. त्यापुढे कसलं गोल्ड नि कसलं काय.

* प्लॅटिनम म्हणजे ‘वनवर्ल्ड’ या एअरलाइन्सच्या गटात ‘सफायर’. इंटरनॅशनल प्रवासात इकॉनॉमीचं तिकीट असलं तरी लाउंज, वेगळं चेक-इन, एक जादा बॅग. पण नुसत्या अमेरिकेतल्या अमेरिकेत फिरताना हे लाउंज मिळत नाही.

* स्टेटसला मुदत असते. दादाचं प्लॅटिनम ३१ मार्च २०२४ पर्यंतच होतं.

* आपल्याकडेही काही बँकांच्या कार्डावर थेट एअरलाइनचं स्टेटस मिळालेलं आहे. एका विस्तारा कार्डावर तर क्लब विस्ताराचं गोल्ड यायचं. पण १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्तारा इतिहासजमा झाला. त्याआधी एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली तेव्हा कित्येकांच्या पाकिटातलं प्लॅटिनम कार्ड एका रात्रीत प्लॅस्टिक झालं. तेव्हा स्टेटस लोणच्यासारखं मुरवत ठेवू नका, वापरून टाका!

एक प्रायॉरिटी इथली, एक तिथली

वापरून टाका, हे मी दादालाही म्हटलं. रविवारी दुपारी. पूजेला वेळ होता म्हणून आम्ही एअरपोर्टच्या उत्तरेला फाउंडर्स प्लाझाला गेलो होतो. ही खास विमानं बघायला येणाऱ्यांसाठी केलेली जागा आहे. गवत, बाकं, दुर्बिणी. डॅलस-फोर्टवर्थ एअरपोर्ट एवढा मोठा की न्यूयॉर्कचं मॅनहॅटन बेट त्याच्या आवारात मावेल. एकामागून एक विमानं डोक्यावरून उतरत होती. लोक डबे घेऊन आले होते, पोरं हात हलवत होती. दादाची मुलगी प्रत्येक विमानाला ‘बाय’ म्हणत होती, उतरणाऱ्यालासुद्धा.

एक मोठं विमान उठलं. ‘दोह्याचं असावं,’ दादा म्हणाला. ‘तिथून मुंबई. कतार पण वनवर्ल्डमध्येच आहे. माझं स्टेटस चालतं.’

‘मग ये ना! चार वर्षं झाली, दादा. कार्ड कशाला जमवलंस?’

तो काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, ‘स्टॅम्पिंग.’

ऑफिसात एच-वन-बी वाले मित्र असतील तर तुम्हाला हा शब्द माहीत असेल. दादाचं अमेरिकेतलं राहणं आणि काम करणं पूर्ण कायदेशीर. पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का २०१८ चा, तो २०२१ मध्ये संपलेला. देशात राहायला तो शिक्का लागत नाही, बाहेर जाऊन परत आत यायला लागतो. आणि तो मिळतो देशाबाहेरच्या वकिलातीत. अपॉइण्टमेंट मिळाली नाही, कागदपत्रं तपासायला ठेवून घेतली, तर भारतात किती दिवस अडकाल सांगता येत नाही. इकडे घराचा हप्ता, मुलीची शाळा, आणि त्याच्या कंपनीत त्या वर्षी दोनदा माणसं कमी केलेली. ग्रीनकार्ड आलं की हे सगळं टेन्शन संपतं. पण ग्रीनकार्डाच्या रांगेत एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्केच. त्या महिन्यात भारतीयांसाठी दादाच्या गटाची तारीख २०१२ सालाच्या सुरुवातीला अडकली होती. दादाचा नंबर २०१६ चा.

‘त्या तारखेला काय म्हणतात माहितीये?’ दादाने विचारलं. ‘प्रायॉरिटी डेट.’

म्हणजे एका हातात प्रायॉरिटी बोर्डिंग आणि दुसऱ्या हातात प्रायॉरिटी डेट! एअरलाइन म्हणते, साहेब, रांगेत पुढे या. सरकार म्हणतं, मागे थांबा. मला तेव्हा त्या एक्सेल शीटचा अर्थ लागला. पुडिंगवाल्याला ऑफर सापडली म्हणून त्याने पुडिंग घेतलं. दादा मात्र जायची तयारी करत होता. जायचं कधी ते ठरवता येत नव्हतं, निदान तयारी तरी पूर्ण असावी.

संध्याकाळी पूजा झाली. फुलबाज्या झाल्या. मग डोंबिवलीला व्हिडिओ कॉल. तिकडे सोमवारची सकाळ, मावशी आंघोळ करून साडी नेसून तयार. तिने आधी टॉवेलांची चौकशी केली. मग फोन काकांसमोर धरला. काका गेल्या दोन वर्षांत बरंच विसरायला लागलेत. नावं आठवतात, काळ-वेळ राहत नाही.

‘आज किती वाजता येतोस?’ काकांनी विचारलं. जणू दादाचं ऑफिस फोर्टात आहे.

‘आठ बाराची डोंबिवली फास्ट पकडतो, बाबा,’ दादा म्हणाला.

‘बरं. जेवायला थांबतो.’

वहिनीने मला नंतर किचनमध्ये सांगितलं, दर कॉलला हेच होतं. दादा दर वेळी तीच गाडी सांगतो. आणि मावशी सांगते, फोन ठेवल्यावर काका खरंच जेवायला थांबतात.

३१ मार्चच्या आत

मी मुंबईत परतले, टॉवेल प्लेनोलाच विसरून! मावशीने ते मनावर घेतलं, पण तो विषय वेगळा.

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेने काही एच-वन-बी वाल्यांना देशातल्या देशात व्हिसा नवा करून द्यायची चाचणी योजना काढली. २०,००० जणांसाठी. दादाने रात्री जागून नियम वाचले. भारतात दिलेला व्हिसा २०२१ च्या ठरावीक महिन्यांतला हवा होता. दादाचा २०१८ चा. पुन्हा बाद. त्या रात्री वहिनीने त्याचा लॅपटॉप बंद केला आणि म्हणाली, ‘पॉइंट मोजणं पुरे. तिकीट काढ. अडकलास तर बघू, मी आहे इथे.’ प्लॅटिनमची सगळी प्लॅनिंग दादाची, पण निर्णय हा असा झाला.

फेब्रुवारीत तो एकटाच आला. दोह्याच्या लाउंजमध्ये आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. सोबत तीन बॅगा, तिसरी प्लॅटिनमच्या कृपेने. मी पहाटे त्याला आणायला टर्मिनल टूला गेले होते. नंतर त्यानेच सांगितलं, बॅगा पट्ट्यावर आधी आल्या, त्या दोन फेऱ्या मारून गेल्या आणि हा आपला वॉशरूममध्ये तोंड धूत उभा. बाहेर यायचं धाडस होईना म्हणे.

तिसऱ्या बॅगेत काय होतं? काकांसाठी घडीचा वॉकर, बाथरूममध्ये घालायच्या न घसरणाऱ्या मॅट, रात्री आपोआप लागणारे छोटे दिवे. आणि धुऊन घडी केलेले दोन टॉवेल.

पुढचं थोडक्यात सांगते. वकिलातीचं काम झालं, पण पासपोर्ट हातात आला तो रजा संपायच्या चार दिवस आधी. तोवर दादाचं वजन तीन किलोने कमी झालं होतं, मावशीचं जेवण असूनही! ३१ मार्चला त्याचं प्लॅटिनम संपलं. ते पॉइंटांचं वर्ष कमी पडलं आणि तो गोल्डवर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी लागायची घोषणा झाली. नियम नेमका कुणाला लागू हे कळेपर्यंत भारतात सुटीवर आलेल्यांची एकच धावपळ उडाली. तेव्हा दादाचा फोन आला. ‘बरं झालं, तेव्हा येऊन गेलो,’ एवढंच म्हणाला.

पण मला सांगायचंय ते त्या पहाटेचं. आम्ही डोंबिवलीला पोचलो तेव्हा सात वाजायचे होते. मावशीने दार उघडलं आणि तिथेच उभी राहिली, तिला बाजूला व्हायचं सुचेना. बॅगांना अजून तो ‘प्रायॉरिटी’चा टॅग लटकत होता. काका खिडकीजवळच्या खुर्चीत चहा घेत होते. त्यांनी दादाकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

‘आज लवकर सुटलास?’ ते म्हणाले.

‘हो, बाबा,’ दादा म्हणाला. ‘आधीची गाडी मिळाली.’